मधला खांब

ज्यांनी आमच्या घराचं लाकूडकाम केलं ते मिस्त्री म्हणजे आयुष्यात एकही चूक न केलेला अख्ख्या खटाव तालुक्यातला एकमेव माणूस. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणत. पहिल्याच भेटीत, मी बसा म्हणायच्या आत, दारातूनच त्यांनी मला सांगून टाकलं, "बाई, पन्नास वर्सं झाली पटाशी चालवतुया. आजवर एक खाच चुकल्याली न्हाई." मी वडूजच्या हायस्कुलात बावीस वर्षं गणित शिकवते. चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि असं वाक्य कानावर पडलं की माझा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे जातो. त्या दिवशीही गेला. पण समोर सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे, डोक्यावर विणलेली टोपी घातलेले गृहस्थ उभे होते आणि त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आमच्या भाड्याच्या खोलीच्या छताकडे बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी हळहळून मान हलवली आणि मग कुठे चहाला होकार दिला.

स्लॅबच्या जमान्यात लाकडी घराचं खूळ माझं नव्हे, आमच्या यजमानांचं. ते फौजेत सुभेदार. उत्तरेकडच्या डोंगरात कुठेतरी लाकडी माळ्याच्या घरात ते दोन हिवाळे राहिले आणि वडूजच्या उन्हात आपल्यालाही तसंच घर हवं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. खाली एक मोठी खोली, तिच्यावर लाकडी माळा, माळ्यावर कौलं. माळ्याचा सगळा भार खोलीच्या मधून आडव्या जाणाऱ्या एका तुळईवर. फोनवर हे सगळं सांगून यजमान सीमेवर निघून गेले आणि घर बांधायचं काम माझ्यावर आलं. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचं डोकं तिच्यात बसवायचं आणि असं करत करत घर उभं करायचं, ही कला येणारा माणूस आता कुठे शोधायचा? ज्याला विचारावं तो एकच बोट दाखवायचा, आणि ते बोट मिस्त्रींच्या घराकडे असायचं. सोबत एक सूचनाही मिळायची, "माणूस सोनं हाय बाई, पण त्यास्नी शिकवायला जाऊ नका."

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. लग्नघर असो, आजाऱ्याची विचारपूस असो, नजर पहिल्यांदा छताला. आमच्या शाळेतल्या एका शिपायाचे वडील वारले तेव्हा मिस्त्री भेटायला गेले होते. बायका रडत होत्या, हे कोपऱ्यात जाऊन बसले, वर बघितलं आणि त्यांच्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला. घरच्यांना वाटलं, म्हातारबाबांवर यांचा किती जीव! मिस्त्री शेजारच्याच्या कानात पुटपुटले, "तिसऱ्या वाश्याची खाच सैल हाय." पण तेरावा होताच पाचरी घेऊन ते स्वतः त्या घरी गेले, वाशावर चढले आणि न सांगता काम करून आले.

खिळ्यांचा त्यांना भारी तिटकारा. खिळा म्हणजे जबरदस्तीचं लग्न, दोघांनाही ते पसंत नसतं, असं त्यांचं मत. खाच पाडायच्या आधी ते लाकडासमोर अर्धा-अर्धा दिवस नुसते बसून राहत. मी शाळेतून येऊन बघावं तर सकाळी होते तिथेच. "मिस्त्री, काम?" म्हटलं की म्हणत, "चाललंय की!" मग अचानक उठत, बिस्मिल्ला म्हणून पटाशी लावत आणि माझा चहा उकळेपर्यंत खाच तयार. तयार झालेल्या खाचेला वारा लागू नये म्हणून तिच्यावर ओल्या फडक्याची पट्टी बांधत. आमच्या अंगणात अशी पट्ट्या बांधलेली इतकी लाकडं आडवी पडलेली असत की रस्त्याने जाणाऱ्या एका आजीबाईंनी थांबून मला विचारलं, "कुणाला लागलंय गं?" जोड बसवून झाला की त्याच्या फटीत कागद सरकवून बघायचा, हा शेवटचा विधी. कागद आत गेला तर जोड सोडवायचा. माझ्यासमोर एकदाही गेला नाही, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. मी माझ्याकडच्या सगळ्यात पातळ उत्तरपत्रिकाही दिल्या होत्या.

टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. टेप साऱ्या गावाचा असतो, घराला त्याची स्वतःची काठी लागते, असं ते म्हणत. म्हणून प्रत्येक घरासाठी ते सागाची एक लांब रीप तासत आणि त्या घराची सगळी मापं तिच्यावर पटाशीने कोरून ठेवत. खिडकी इथे, दार इथे, वासा इथे. काठी घराच्या मोठ्या खोलीएवढी लांब हवी, हा नियम. आमची खोली सोळा फुटांची. मिस्त्री सोळा फुटांची काठी खांद्यावर घेऊन बाजारातून निघाले की एसटी स्टँडापासून भाजीवाल्यांपर्यंत सगळी गर्दी दोन बाजूंना व्हायची आणि वळणावर तर ते एकटेच वाहतूक थांबवायचे. घर पूर्ण झालं की ती काठी घरच्या बाईच्या हातात द्यायची आणि मगच आपली हत्यारं उचलायची, अशी त्यांची रीत होती.

आता त्यांचे दोन हट्ट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं. पहिला हट्ट म्हणजे तुळईच्या पोटाला पटाशी लावायची नाही. तुळईची वरची बाजू ती पाठ आणि खालची ते पोट. खाच पाडायची तर पाठीवर पाडा, टोकांना पाडा, पण भाराने पोट ताणलं जातं, त्यामुळे तिथे खाच पडली की तुळई आज ना उद्या मोडणार. एका वायरमनने पाइप न्यायला एका घरच्या तुळईच्या पोटात खाच घेतली, तेव्हा मिस्त्री दुपारचा डबा घेऊन बरोबर तिच्याखाली जाऊन बसले. "ही पडंल तवा मी हितं पायजे. म्हंजे लोकान्ला कळंल ही माजी न्हवं." घरमालकाने घाबरून दुसऱ्या दिवशी तुळई बदलली.

दुसरा हट्ट खांबाचा. खोलीच्या मधोमध खांब म्हटलं की मिस्त्रींचा चेहरा आंबट व्हायचा. तालुक्यातल्या कुठल्याही घरात त्यांनी मधे खांब उभा केलेला नव्हता. त्यासाठी भिंती जाड केल्या, लाकूड दुप्पट वापरलं, घरमालकांशी भांडणं केली. मला मात्र जिना खोलीच्या मधेच हवा होता. स्वयंपाकघरातून वर जाणारा-येणारा दिसावा, पायरीवर बसून पेपर तपासावेत, हे माझं जुनं स्वप्न. तसा जिना म्हटला की तो तुळईला टेकणार आणि तुळईखाली खांब येणार. मिस्त्री जिना कोपऱ्यात ढकलत होते. "मधला खांब म्हंजी न जाणारा पावना बाई. सारकं त्याला वळसा घालून जावं लागतंय." आमचा हा वाद तीन आठवडे चालला. शेवटी "तुमच्या समाधानासाठी" म्हणून त्यांनी काठीवर माझ्या जिन्याच्या खांबाची खूण कोरली, तीही इतकी पुसट की मी तिच्यावर लाल पेन फिरवलं. आणि हो, आणखी एक. मिस्त्री मूळचे सांगलीचे, पण सांगलीला पाऊल टाकत नसत. कारण विचारलं की म्हणत, "तितलं पानी मानवत न्हाई." कृष्णेच्या काठी जन्मलेल्या माणसाला कृष्णेचं पाणी कसं मानवत नाही, हा प्रश्न मला पडला होता, पण मी तो सोडून दिला होता.

त्यामुळे लाकूड बघायला सांगलीला मी एकटी गेले. हळदीच्या पेठेतलं एक जुनं गोदाम पाडलं होतं. त्याच्या तुळया, वासे, खांब, सगळं सागवान, वर्षानुवर्षं हळद खाऊन आतपर्यंत पिवळं झालेलं. त्यात अठरा फुटांची एकच तुळई होती. मी सगळा ढीग घेतला. ट्रकबरोबर उतरवायला गोदामातला एक म्हातारा हमाल आला होता. ट्रक अंगणात शिरला, हमालाने खाली उडी मारली, मिस्त्रींना बघितलं आणि आनंदाने ओरडला, "आरं, खांबमिस्त्री न्हवं का हे!" मिस्त्रींचा चेहरा पडला. नमाजाची वेळ झाली म्हणून ते निघून गेले. वेळ झालेली नव्हती, शाळेच्या घंटेमुळे मला वेळा बरोबर ठाऊक असतात.

हमालाने हसत हसत मला ती अठरा फुटी तुळई पालथी करून दाखवली. तिच्या पोटात, मधल्या भागात, सरळ धारेची एक खोल खाच होती. "ही तुमच्या मिस्त्रींनी पाडल्याली. चुकून. मग काय, त्येंच्या उस्तादांनी खाली खांब उभा केला. भर गोदामात! जलमभर आमी पोती घिऊन त्या खांबाला वळसा घालत हुतो. खांदं घासून घासून गुळगुळीत झालाय बगा." आणि खरंच, ढिगात तो खांबही होता, कमरेपासून खांद्यापर्यंत काचेसारखा चकचकीत. मिस्त्री पेठेतून जायला लागले की हमाल त्यांना "खांबमिस्त्री" म्हणून हाका मारायचे. वर्षभरात मिस्त्रींनी सांगली सोडली आणि सासुरवाडीला, वडूजला, येऊन राहिले.

तोवरच्या साऱ्या नोकरीत असं घबाड माझ्या हाती लागलं नव्हतं. आयुष्यात एकही चूक न केलेल्या माणसाची चूक, लाकडात कोरलेली, माझ्याच अंगणात. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, तुळईकडे न बघताच म्हणाले, "ही नगं. दुसरी बगा." मी तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघून मिटलं. ते तुळईकडे पाठ करून बसले होते. लाकडाकडे पाठ केलेले मिस्त्री मी कधी बघितले नव्हते. नंतरचे आठ दिवस मी एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांनी या गोष्टीवर अजून विश्वास ठेवलेला नाही.

पण दुसरी अठरा फुटी तुळई मिळेना. वाईपासून आटपाडीपर्यंत सगळ्या वखारी फोनवर विचारून झाल्या. इकडे यजमान महिन्याच्या रजेवर आले. माळा चढलेला बघूनच परत जायचं असं ठरवून आलेला माणूस अंगणात पट्ट्या बांधलेल्या लाकडांमधून रोज फेऱ्या मारायचा. "पुढच्या रजेला बघू," ते म्हणाले. पुढची रजा म्हणजे वर्ष. मिस्त्रींनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. मिस्त्रींना ती खाच जगासमोर पुन्हा उभी करायची नव्हती आणि तिच्यावाचून माझं घर उभं राहत नव्हतं. दोघांपैकी कुणाचा हट्ट मोडावा हे मला समजेना.

एका रविवारी सकाळी मी निव्वळ चिडून घराची काठी उचलली आणि भिंतीत जाणारं फूटभर सोडून तुळईला लावली. माझी लाल खूण कुठे येते ते बघायचं होतं, बाकी काही नाही. खूण खाचेपासून दोन-तीन हात दूर पडली. काठी ठेवून द्यावी म्हटलं, पण मुलांना जन्मभर सांगत आले आहे की गणित सुटलं तरी उलट बाजूने ताळा करून बघा. मी तुळईच्या दुसऱ्या टोकापासून, तसंच फूटभर सोडून, काठी लावली. लाल खूण खाचेत जाऊन पडली. एका बोटाचा फरक, आणि तुळई भिंतीत दोन्हीकडे फूटभर जाणार होती, त्यामुळे बोटभर सरकवायला मोकळीक होती. मी आणखी दोनदा काठी लावून खात्री केली.

मिस्त्री आले तेव्हा मी फक्त एवढंच म्हटलं, "मिस्त्री, काठी तुळईला लावून बघा. त्या टोकाकडनं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला सगळं ठाऊक आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी काठी लावली, लाल खुणेवर बोट ठेवलं, मग उकिडवे बसून खाचेच्या धारेवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे न बघताच ते बोलले.

"पंचवीस वर्सांचा हुतो, बाई. लय माज हुता हाताला. जेवून आलो तवर कुनीतरी तुळई पालथी करून ठिवल्याली. मी बगितलंच न्हाई. पाट समजून पोटात पाडली. उस्ताद आलं, बगितलं आन् एक शब्द बोललं न्हाईत. गप खांब उभा केला. आवं, एक मुस्काडात मारली आसती तर मी सांगलीतच ऱ्हायलो आसतो."

"खाच मात्र सुबक आहे," मी म्हटलं. हे मी दयेने बोलले नव्हते. धार इतकी सरळ होती की मला तिथे लाल पेन लावायला जागा नव्हती.

"सुबक हाय की!" ते एकदम उसळून म्हणाले, आणि आमचे जुने मिस्त्री परत आले. "खाच येक नंबर हाय. जागाच तेवडी—" आणि मधेच थांबून ते लाल खुणेकडे बघत राहिले. मग उठले, टोपी नीट केली आणि ढिगातला तो चकचकीत खांब ओढायला लागले.

चौथ्या दिवशी तुळई चढली. यजमानांनी गावात रजेवर आलेले चार फौजी बोलावले होते, दोराचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं शेजारच्या पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे. "हैय्या" म्हणत तुळई भिंतींवर गेली. मिस्त्रींनी दोन्ही टोकांखाली पाचरी घालून ती चार बोटं अधांतरी ठेवली. मग मधोमध गोदामातला खांब उभा राहिला. त्यांनी तो फक्त बुडाशी कापला होता, त्याच्या डोक्याला आणि त्या खाचेला हातही लावला नव्हता. "उस्तादांचं काम हाय. मी कोन तासनार?" अंगणात शंभर माणसं असतील, सगळ्यांच्या माना वर. मिस्त्री बिस्मिल्ला म्हणाले आणि एका टोकाची पाचर ठोकून काढली, मग दुसऱ्या. तुळई खाली आली, खांबाचं डोकं खाचेत शिरलं आणि असा एक भरीव आवाज झाला की तो माझ्या पायांना जमिनीतून जाणवला. मिस्त्रींनी माझ्यापुढे हात केला. मी दहावीच्या चाचणीची उत्तरपत्रिका त्यांच्या हातात दिली. शिडीवर चढून त्यांनी ती चारी बाजूंनी सरकवून बघितली. मग मला वर बोलावलं आणि मलाही बघायला लावली. कागद गेला नाही.

शिडीवरूनच ते साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चुकली न्हवती, बाई! वाईच लवकर पाडली हुती!"

अंगणात जो गलका झाला तो मी अजून विसरले नाही. फौजींनी त्यांना शिडीवरून खांद्यावरच घेतलं. पांढरी दाढी, वाकडी झालेली टोपी, एका हातात पटाशी आणि दुसऱ्यात माझ्या विद्यार्थ्याची बावीस गुणांची उत्तरपत्रिका उंच धरलेली. माझे यजमान तोंडात बोटं घालून शिट्टी मारत होते. सुभेदार माणूस! मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

पुढच्या शुक्रवारी मिस्त्री एसटीने सांगलीला गेले. पेठेत जाऊन त्यांनी त्या म्हाताऱ्या हमालाला शोधून काढलं, चहा पाजला आणि खाच कुठे बसली ते सगळ्यांदेखत त्याला ऐकवलं. येताना पाच किलो हळद आणि गुळाची ढेप घेऊन आले. "पानी आता मानवतंय," एवढंच म्हणाले. आठवड्याभरात माळा झाला, यजमानांनी त्यावर तीन रात्री झोपून घेतलं आणि खुशीत परत गेले. घराची काठी मिस्त्रींनी माझ्या हातात दिली. तिच्यावरच्या माझ्या लाल खुणेला त्यांनी आता पटाशीने चांगली खोल धार दिली होती.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. लाकडाचं काम आता कुणी सांगत नाही, आणि मिस्त्रींनाही शिडी चढवत नाही. पावसाळी हवेत आमचा खांब हळदीचा वास सोडतो, आणि मी त्याला टेकून पायरीवर पेपर तपासते. परवा ईदला मिस्त्री शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. सवयीप्रमाणे आधी वर बघितलं. मग जन्मभर मधल्या खांबांवर दात धरून राहिलेला तो माणूस त्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. मी डबा घेऊन आत वळले तेव्हा त्यांनी खांबावर दोन बोटं टेकवली आणि हळूच म्हणाले, "उस्ताद, खाच बसली बरं का." मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि चहा ठेवायला आत गेले.